छायाचित्र कोणाचे, निर्णय कोणाचा?

कष्टकरी स्त्रियांनी स्वतः कॅमेरा हाती घेण्याविषयी गेल्या अंकात या सदरात एक टिपण प्रसिद्ध झाले होते. बाईचे छायाचित्र काढणे आणि बाईने छायाचित्र काढणे यांत अंतर आहे, आणि बाईने काढलेले छायाचित्रही तिच्या बळात तेव्हाच भर घालते जेव्हा त्याचे पुढे काय करायचे हे तीच ठरवते, एवढेच त्यात म्हटले होते. त्यावर सांगली आणि सातारा या दोन्ही जिल्ह्यांतून पत्रे आली. त्यांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या ग्रामसंघात (गावातल्या बचत गटांच्या संघात) बेदाण्याच्या शेडवर निवडीचे काम करणाऱ्या आणि हंगामात ऊसतोडीला जाणाऱ्या बऱ्याच महिला आहेत. एका संस्थेने वापरलेले काही मोबाईल देऊ केले आहेत. या महिलांना छायाचित्रण शिकवावे असे वाटते, पण त्यातून नेमके काय साधायचे आणि सुरुवात कुठून करायची, हे कळत नाही.
(समुदाय संसाधन व्यक्ती, तासगाव तालुका)

उत्तर : मोबाईल मिळाले म्हणून कार्यशाळा घ्यायची असा क्रम ठेवला, तर चार दिवसांत फुलांचे, मावळतीचे आणि एकमेकींचे भरपूर फोटो जमतील, सगळ्या जणी आनंदाने घरी जातील आणि काम तिथेच थांबेल. त्या आनंदाला मी कमी लेखत नाही. लग्नातला आणि आधार कार्डावरचा असे दोनच फोटो जिच्या वाट्याला आले, तिने आपल्या मर्जीने एखादी वस्तू पाहण्याजोगी ठरवावी यालाही मोल आहे. परंतु तुमच्याकडे ग्रामसंघासारखी बांधलेली संघटना आहे, म्हणून तुम्ही याहून पुढे जावे असे मला मनापासून वाटते.

या कामाची एक अनुभवातून घडलेली पद्धत आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला चीनच्या युन्नान प्रांतात कॅरोलाइन वांग आणि मेरी ॲन बरिस या दोघींनी खेड्यांतील ६२ स्त्रियांच्या हाती साधे कॅमेरे दिले आणि त्यांना आपल्या रोजच्या जगण्याचे फोटो काढायला सांगितले. त्या फोटोंभोवती स्त्रियांनी एकत्र बसून चर्चा केली, आपले म्हणणे मांडले आणि ते फोटो निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्यांसमोर ठेवले. मुलांना सांभाळण्याची सोय, सुईणींचे प्रशिक्षण, मुलींसाठी शिष्यवृत्ती असे काही निर्णय त्यातून पुढे आले. या पद्धतीला पुढे ‘फोटोव्हॉइस’ असे नाव पडले. तिच्या मुळाशी ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरी यांचा विचार आहे. प्रौढ साक्षरतेच्या वर्गात लोकांच्याच जगण्यातली चित्रे समोर ठेवून त्यांना बोलते करावे, असे ते मानत असत. युन्नानच्या कामात हा बदल झाला की चित्र बाहेरून आणले गेले नाही, ज्यांच्याविषयी ते होते त्यांनीच ते काढले.

तुमच्याकडे सुरुवात विषयापासून करा, आणि तो विषय महिलांनाच ठरवू द्या. ‘शेडवरचा आमचा दिवस’ किंवा ‘पाणी’ इतका साधा विषयही पुरतो. तंत्राला पहिल्या बैठकीत फार वेळ देऊ नका. भिंग पदराच्या टोकाने पुसून घेणे, मोबाईल दोन्ही हातांनी धरणे, झूम न करता दोन पावले पुढे जाणे, आणि उजेड कोणत्या बाजूने येतो ते आधी पाहणे एवढे पहिल्या दिवशी पुरे. सावळ्या चेहऱ्यांविषयी मात्र एक गोष्ट आवर्जून सांगा. पांढऱ्या भिंतीसमोर किंवा भर उन्हात उभ्या असलेल्या बाईचा चेहरा मोबाईलमध्ये काळवंडलेला येतो, कारण यंत्र सगळ्या चौकटीतल्या उजेडाची सरासरी धरते आणि भिंत उजळ असली की चेहऱ्याच्या वाट्याचा उजेड कमी करते. पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवले आणि उजेडाची खूण किंचित वर सरकवली, की चेहरा आहे तसा दिसतो. पुष्कळ बायका ‘माझा फोटो चांगला येत नाही’ म्हणून कॅमेऱ्यापुढून बाजूला होतात, त्यामागे अनेकदा यंत्राची ही खोड असते. ती उमगल्यावर त्यांच्या चेहऱ्यावरचा संकोच कसा मावळतो, हे मी पाहिले आहे.

त्यानंतर आठवडाभर मोबाईल त्यांच्याकडे राहू द्या. बेदाण्याचा हंगाम साधारण फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत चालतो, ऊसतोडीचा त्याआधी सुरू होतो, तेव्हा बैठकांच्या वेळा त्यांच्या कामाच्या सोयीने ठेवाव्या लागतील. ऊसतोडीला जाणाऱ्या महिलांचा वेगळा विचार करा. नवरा-बायकोची जोडी मिळून तिथे एक कोयता धरला जातो, मुकादमाकडून मिळणारी उचल बहुधा नवऱ्याच्या हाती पडते, आणि त्यामुळे बाईचे काम हिशेबात निराळे दिसतच नाही. अशा बाईने पहाटे कोपीसमोर पेटवलेल्या चुलीपासून रात्री भरल्या गाडीपर्यंतचा आपला दिवस टिपला, तर वहीत कुठेच न लिहिलेले तिचे श्रम इतरांना पाहता येतात, आणि तिला स्वतःलाही ते सलग पाहता येतात.

आठवड्यानंतर प्रत्येकीने आपले तीन-चार फोटो निवडावेत. निवड तुम्ही करू नका, हे मी आग्रहाने सांगते. सुबक फोटो मागे राहिला आणि हललेला फोटो पुढे आला तरी चालेल. त्यांचे छोटे प्रिंट काढून घ्या, कारण मोबाईलच्या पडद्यावर एकटीच पाहते, कागदावरचा फोटो मात्र हातोहात फिरतो आणि त्यावर बोलणे सुरू होते. मग फोटोव्हॉइसच्या पद्धतीतले पाच प्रश्न विचारावेत : यात काय दिसते? खरे काय घडते आहे? आपल्या जगण्याशी त्याचा काय संबंध? असे का आहे? आणि आपण काय करू शकतो?

समजा, एखादीने शेडच्या कोपऱ्यातल्या पाण्याच्या पिंपाचा फोटो आणला. काय दिसते, तर एक पिंप आणि त्यावर उपडा ठेवलेला पेला. काय घडते आहे, असे विचारल्यावर कोणीतरी सांगेल की त्यात पाणी असते, पण दुपारनंतर आपण ते पीत नाही. का पीत नाही, तर जवळपास शौचालय नाही आणि अंधार पडेपर्यंत थांबावे लागते. आपल्या जगण्याशी संबंध विचारला की लघवीच्या जळजळीच्या, दवाखान्याच्या, बुडालेल्या हजेरीच्या गोष्टी निघतील. असे का, या प्रश्नावर मतभेद होतील. शेडमालक, जागा, हंगामापुरते काम अशी अनेक कारणे पुढे येतील, आणि ती येऊ द्यावीत. शेवटच्या प्रश्नापर्यंत पोहोचताना पिंपाचा एक फोटो शौचालयाच्या मागणीपर्यंत गेलेला असेल. थेट ‘तुमच्या आरोग्याच्या अडचणी सांगा’ असे विचारले असते, तर यातले बरेचसे कोणी बोलले नसते.

प्रत्येक फोटोखालचा मजकूर फोटो काढणारीच्याच शब्दांत असावा. लिहिता येत नसेल तर तिचे बोलणे मोबाईलवर ध्वनिमुद्रित करा आणि जसेच्या तसे उतरवून काढा. तिच्या बोलीचे प्रमाण भाषेत रूपांतर करण्याचा मोह टाळा.

राहिला प्रश्न हे सारे दाखवायचे कुठे याचा. सांगलीत दालन घेऊन प्रदर्शन भरवणे चांगलेच, पण त्याआधी गावात दाखवा. महाराष्ट्रात ग्रामसभेच्या आधी महिला ग्रामसभा घेणे कायद्याने आवश्यक आहे, आणि अनेक गावांत ती सह्या घेण्यापुरती उरली आहे. त्या सभेत हे फोटो भिंतीवर लावा, काढणारीने स्वतः उभे राहून आपला फोटो सांगावा, आणि त्यातून निघालेली मागणी ठरावाच्या रूपाने इतिवृत्तात नोंदवून घ्या. ठरावाची प्रत ग्रामसंघाच्या दप्तरात ठेवा. शेडमालकांनाही बोलवा. त्यांना आरोपी म्हणून उभे न करता बोलवले, तर ते येतात.

प्रश्न : आमच्या भागातल्या अनेक महिला निरक्षर आहेत. ज्यांना मोबाईलवरची अक्षरेही वाचता येत नाहीत, त्यांच्याकडून छायाचित्रणाची अपेक्षा करणे अवास्तव नाही का?
(प्राथमिक शिक्षिका, माण तालुका)

उत्तर : तुमच्याच तालुक्यातील म्हसवडचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. सामाजिक कार्यकर्त्या चेतना गाला सिन्हा आणि गावातल्या महिलांनी बँक काढण्यासाठी अर्ज केला तेव्हा प्रवर्तक महिलांना लिहिता-वाचता येत नाही म्हणून तो पहिल्या वेळी फेटाळला गेला. त्या महिला साक्षरतेचे धडे गिरवून पुन्हा गेल्या आणि व्याजाचा हिशेब आम्ही तोंडी करून दाखवतो, असे त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितले. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. अक्षर न येणे आणि समज नसणे या दोन गोष्टी एक नाहीत, हे माणदेशाला कोणी बाहेरून येऊन शिकवण्याची गरज नाही.

छायाचित्रणात तर अक्षरांची गरज आणखी कमी आहे. अहमदाबादच्या ‘सेवा’ या कष्टकरी महिलांच्या संघटनेने १९८४ साली आपल्या सभासद महिलांना व्हिडिओ चित्रीकरण शिकवायला सुरुवात केली. त्यांच्यात भाजी विकणाऱ्या आणि निरक्षर महिलाही होत्या, आणि त्या चित्रीकरण करू लागल्या, संकलन शिकल्या आणि आपल्याच इतर सभासदांसाठी चित्रफिती तयार करू लागल्या. त्या काळची अवजड यंत्रे पाहता आजचा मोबाईल फारच सोपा आहे. शिकवताना बटणांची नावे सांगू नका, खुणा आणि जागा दाखवा. एकीने शिकावे आणि तिने दुसरीला शिकवावे, ही रीत सर्वांत चांगली चालते.

अडचण खरे तर दुसरीकडे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरता येईल असा मोबाईल होता. बाकीच्या स्त्रिया घरातला मोबाईल मागून घेतात किंवा त्याला हातच लावत नाहीत. म्हणून कार्यशाळेला ‘आपापला मोबाईल घेऊन या’ असा निरोप देऊ नये, कारण जिला सर्वाधिक गरज आहे तीच त्या निरोपाने गळते.

प्रश्न : कष्टकरी बायकांचे फोटो आधीच खूप निघतात. डोक्यावर हंडा घेतलेली बाई दिनदर्शिकेवर असते, संस्थांच्या अहवालांवर असते. आता त्यांनीच आपले दारिद्र्य टिपून इतरांना दाखवायचे का?
(महाविद्यालयीन प्राध्यापक, सातारा)

उत्तर : तुमची हरकत रास्त आहे आणि ती मला या विषयाच्या अगदी केंद्राशी असलेली वाटते. १९३६ साली कॅलिफोर्नियातील निपोमो येथे डोरोथिया लँग यांनी शेतमजुरांच्या तळावर एका आईचा, तिला बिलगलेल्या मुलांसह, फोटो काढला. अमेरिकेतील महामंदीची ओळख म्हणून तो जगभर छापला गेला. तो वर्तमानपत्रात आल्यावर सरकारने त्या तळावर अन्नधान्य पाठवले, परंतु तोवर ते कुटुंब पुढच्या गावी गेले होते. त्या बाईचे नाव लँग यांनी विचारले नव्हते. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे तिचे नाव लोकांना कळायला १९७८ साल उजाडले, आणि या फोटोतून आपल्याला एक पैसाही मिळाला नाही, असे तेव्हा तिने सांगितले. लँग यांच्या मनातली कळकळ खरी होती याविषयी मला शंका नाही. तरीही फोटो घेण्यापासून तो छापण्यापर्यंतच्या कोणत्याही टप्प्यावर त्या बाईला काही ठरवता आले नाही, ही वस्तुस्थिती उरतेच.

महिलांनी कॅमेरा हाती घेतला की त्या दारिद्र्यच टिपतील, हे गृहीतक मात्र तपासून पाहावे. मोकळेपणाने सांगितले तर त्या पुष्कळदा आपली म्हैस टिपतात, नव्याने बसवलेला नळ टिपतात, शाळेच्या गणवेशातली नात टिपतात, मैत्रिणीसोबत हसतानाचा क्षण टिपतात. छायाचित्रकार गौरी गिल यांनी २००३ साली राजस्थानातील लूणकरणसर येथे मुलींच्या मेळाव्यात तंबूमध्ये एक साधा स्टुडिओ थाटला आणि कसे उभे राहायचे, कोणासोबत, हातात काय धरायचे, हे येणाऱ्या मुलींवर सोपवले. त्या छायाचित्रांतल्या मुली कॅमेऱ्याकडे थेट पाहतात. वाळवंटातल्या मुलीविषयीचे आपले ठरीव चित्र त्यांच्या नजरेपुढे टिकत नाही.

आयोजकांनी यासाठी एक पथ्य पाळावे. देणगीदाराला कोणता फोटो आवडेल हा विचार निवडीच्या बैठकीत येऊ देऊ नये. ‘जरा अजून गरीब दिसेल असा नाही का?’ अशी अपेक्षा कोणी शब्दांत मांडत नाही, ती निवडीतून व्यक्त होते. हंड्याच्या फोटोऐवजी बाईने नळाचा फोटो पुढे केला, तर अहवालावर तोच छापावा.

प्रश्न : मी कार्यशाळेत फोटो काढायला शिकले, पण घरी यावरून वाद होतात. ‘उद्या तुझाच फोटो कुठेतरी फिरेल’ असे मालक म्हणतात. त्यांची भीती अगदीच खोटी आहे असेही मला म्हणता येत नाही.
(गृहिणी, वाळवा तालुका)

उत्तर : ताई, भीती खोटी नाही, पण तिच्यावरचा उपाय कॅमेरा खाली ठेवणे हा नाही. तुम्ही कॅमेऱ्याच्या मागे असता तेव्हा तुमचा फोटो फिरण्याचा धोका उलट कमी असतो. धोका असतो तो मोबाईल दुसऱ्याच्या हाती जाण्याचा आणि फोटोतून पत्ता कळण्याचा. म्हणून मोबाईलला कुलूप लावा आणि त्याचा आकडा स्वतःपुरता ठेवा. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘लोकेशन’ बंद करा, कारण ते सुरू असेल तर फोटो कुठे काढला याची नोंद फोटोच्या आत राहते. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो ही नोंद गाळून जातो, पण तोच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर नोंदीसह जातो, हे लक्षात असू द्या. गटावर फोटो टाकण्याआधी त्यातल्या प्रत्येकीला विचारा.

कायद्याचीही माहिती घरी सांगा. बाई खासगी स्थितीत असताना तिचे चित्रण करणे किंवा ते पसरवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. चित्रणाला तिने संमती दिली असेल पण ते इतरांना दाखवायला दिली नसेल, तर दाखवणे हा गुन्हाच ठरतो, असेही त्या कलमात स्पष्ट केले आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ ई खासगीपणाच्या अशाच भंगासाठी आहे. तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर स्त्रियांविषयीच्या अश्लील मजकुराची तक्रार नाव न सांगताही करता येते. महिलांसाठी १८१ हा मदतीचा क्रमांक आहे.

घरच्यांविषयी माझा सल्ला एवढाच की, त्यांना एकदा प्रदर्शनाला किंवा बैठकीला बोलवा. बायको चारचौघांत आपल्या फोटोविषयी बोलते आहे आणि लोक ऐकत आहेत, हे पाहिल्यावर अनेक घरांतला सूर बदलतो. सगळ्याच घरांत तो बदलेल, असे मी म्हणणार नाही. जिथे फोटोवरून मारहाणीपर्यंत गोष्ट जाते, तिथे छायाचित्रणाचा आग्रह न धरता बाईच्या सुरक्षिततेची सोय आधी करावी, आणि तो निर्णय तिने घ्यावा, आयोजकांनी नव्हे.

प्रश्न : सांगलीत देहविक्री करणाऱ्या महिलांसोबत आम्ही काही विद्यार्थी छायाचित्र प्रकल्प करू इच्छितो. चेहरे दाखवावेत की झाकावेत?
(समाजकार्याची विद्यार्थिनी, मिरज)

उत्तर : हा प्रश्न मला न विचारता त्यांना विचारा. सांगलीत १९९० च्या दशकापासून वेश्या अन्याय मुक्ती परिषद ही या महिलांची स्वतःची संघटना काम करते आहे. आपल्याविषयी बोलायचे ते आपणच, ही भूमिका त्या महिलांनी सातत्याने मांडली आहे, तेव्हा प्रकल्पाचा आराखडा तयार करून मग परवानगी मागायला जाण्याऐवजी आराखडाच त्यांच्याबरोबर बसून करा. कदाचित त्या म्हणतील की असा प्रकल्प नको, आणि तसे म्हणाल्या तर तो सोडून द्यायची तयारी हवी.

चेहरा झाकण्याबाबत दोन्ही बाजूंनी विचार करावा लागतो. डोळ्यांवर काळी पट्टी ओढलेला फोटो ओळख तर पुरती लपवत नाहीच, वर बाईला गुन्हेगारासारखे दाखवतो. त्याऐवजी हात, पायातले पैंजण, खिडकीतला उजेड, मुलांची दप्तरे, रात्री वाळत घातलेले कपडे यांतून पुष्कळ सांगता येते. ज्या महिलेला चेहऱ्यानिशी उभे राहायचे आहे, तिला तो हक्क आहे. मात्र तिने आज दिलेली संमती उद्या मागे घेता आली पाहिजे, आणि इंटरनेटवर गेलेला फोटो पूर्णपणे परत आणता येत नाही, हे तिला आधीच स्वच्छ शब्दांत सांगितले पाहिजे. गावाकडे आई-वडिलांना यातले काही माहीत नसणे, मुलाची शाळा, मुलीचे लग्न अशा गोष्टी तिने बोलून दाखवल्या नाहीत तरी त्या तिच्या मनात असतात, म्हणून उत्तर लगेच मागू नका. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या स्त्रीची ओळख उघड करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, आणि संरक्षणाची गरज असलेल्या बालकांची ओळख बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ ने जपली आहे. त्यामुळे मुलांच्या बाबतीत मोकळीक घेऊ नका.

प्रश्न : कार्यशाळेत महिलांनी काढलेल्या फोटोंचा हक्क संस्थेकडे जातो का?
(संस्थेचे कार्यकर्ते, विटा)

उत्तर : प्रताधिकार कायद्यानुसार (१९५७) फोटो काढणारी व्यक्ती ही त्याची निर्माती असते आणि सामान्यतः हक्कही तिचाच असतो. मात्र कोणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन फोटो काढला असेल, तर वेगळा करार नसल्यास पहिला हक्क मोबदला देणाऱ्याकडे जातो. तुम्ही महिलांना मानधन देत असाल तर इथेच घोळ होऊ शकतो. म्हणून साध्या मराठीत एका पानाचा करार करा आणि तो वाचून दाखवा : हक्क महिलेचा राहील, संस्था फोटो कोणत्या कामासाठी आणि किती काळ वापरेल, आणि तो विकला गेल्यास तिला किती मिळेल. २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्राचा हक्क निर्मातीच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे टिकतो, म्हणजे तो तिच्या मुलाबाळांकडेही जातो. फोटोखाली आपले नाव छापले जाण्याचा अधिकार तर हक्क विकल्यानंतरही कलम ५७ नुसार तिच्याकडेच राहतो. आपल्या देशातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांचे सुरुवातीचे फोटो त्यांच्या पतीच्या नावाने छापले गेले होते. पुढे २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले, पण सुरुवातीचे ते फोटो पहिल्यांदा छापले गेले तेव्हा त्यांखाली त्यांचे नाव नव्हते. ‘छायाचित्र : एक ग्रामीण महिला’ असे छापणे आपण आता थांबवावे.

प्रश्न : मी परित्यक्ता आहे, दोन मुले आहेत. छायाचित्रणातून घर चालवता येईल का? लग्नाचे मोठे काम करणारे पुरुष छायाचित्रकार इथे पुष्कळ आहेत.
(कराड)

उत्तर : येईल, पण लग्नापासून सुरुवात करू नका. लग्नाच्या कामाला दोन कॅमेरे, दिवे, मदतनीस आणि रात्री-अपरात्रीचा प्रवास लागतो, आणि तिथे स्पर्धाही तीव्र आहे. ज्या ठिकाणी बाई छायाचित्रकार असणे हीच सोय ठरते, तिथून आत शिरा. डोहाळजेवण, बारसे, हळदी-कुंकू, मंगळागौर, मुलींच्या शाळांचे कार्यक्रम, बाळंतिणीच्या घरी तान्ह्या बाळाचे फोटो अशा ठिकाणी घरच्या बायकांना पुरुष छायाचित्रकारासमोर अवघडल्यासारखे होते, आणि तुमच्यासमोर त्या मोकळ्या असतात. तो मोकळेपणा फोटोत उतरतो, आणि त्याच कुटुंबातून पुढची कामे मिळत जातात. दुसरे काम म्हणजे वस्तूंचे फोटो. कराड आणि आसपासच्या बचत गटांचे मसाले, पापड, गोधड्या आता मोबाईलवरून विकल्या जातात, आणि त्यांना चांगल्या फोटोंची नड आहे. त्यासाठी खिडकीचा उजेड, पांढरा कागद आणि समोरून उजेड परतवायला थर्माकोलचा तुकडा एवढ्यावर उत्तम काम होते.

शिकण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात अग्रणी बँकेतर्फे चालवली जाणारी ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था असते. तिथले प्रशिक्षण निःशुल्क असते, राहण्या-जेवण्याची सोयही तिथेच असते, आणि अभ्यासक्रमांत छायाचित्रण व व्हिडिओ चित्रीकरणाचा समावेश आहे. पुढची तुकडी कधी आहे ते सातारच्या केंद्रात विचारा. मुलांमुळे मुक्काम शक्य नसेल तर तसे स्पष्ट सांगून रोज ये-जा करण्याची परवानगी मागा. यंत्र विकत घेण्याची घाई नको. सुरुवातीची कामे भाड्याच्या कॅमेऱ्यावर करा, आणि घ्यायचेच झाले तर वापरलेला कॅमेरा आणि ५० मिलिमीटरचे एक भिंग घ्या, कारण कमी उजेडाच्या घरात ते सर्वांत उपयोगी पडते. भांडवल लागल्यास मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात ५०,००० रुपयांपर्यंतचे कर्ज तारणाशिवाय मिळू शकते.

दर ठरवताना नवीन बायका फार खाली येतात, आणि ओळखीच्या घरी तर पैसे मागायलाच कचरतात. प्रवास, कॅमेऱ्याचे भाडे, प्रिंटचा खर्च आणि फोटो निवडून नीट करण्यात जाणारे तास हे सगळे कागदावर मांडा, मग दर सांगा, आणि निम्मी रक्कम आगाऊ घ्या. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि विनामूल्य होते, ती स्वतःच्या नावाने करा. व्यवसायाचे खाते भावाच्या किंवा वडिलांच्या नावे न उघडता स्वतःच्या नावाने उघडा, आणि पहिल्या कामापासून पावती देत जा. पुढे मोठे कर्ज मागायला गेलात, किंवा पोटगीच्या दाव्यात आपल्या कमाईचा हिशेब सांगायची वेळ आली, तर ही पावत्यांची वही लागेल. दाव्यात ती कशी मांडावी हे मात्र आधी वकिलाला विचारून घ्या. सातारच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे महिलांना हा सल्ला विनामूल्य मिळतो.